विषय: सांगलीत आई-बाबांसाठी सेकंड हँड गाडी, ॲपवरून की मिरजेच्या डीलरकडून?

नमस्कार मंडळी,
पेट्रोल हॅचबॅक हवी आहे. ॲपवर दिल्ली पासिंगची गाडी मिरजेतल्या भावापेक्षा बरीच स्वस्त दिसते. मी सांगलीपासून लांब असते, पैसे इथून पाठवणार. घ्यावी का?

उत्तर १
ताई, दिल्ली पासिंगच्या नादी लागू नका. तिथे जुन्या गाड्यांवर वयाचे निर्बंध, म्हणून त्या पडेल भावात निघतात. पुढे फॉर्म 28 ची एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला दिल्ली आरटीओची हरकत नसल्याचा दाखला), महाराष्ट्राचा टॅक्स, मग सांगलीचा एमएच 10 नंबर. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायचा तर तिथल्याच आरटीओकडे. स्वस्ताई यातच जिरते. पुण्याची एमएच 12 असेल तर टॅक्स पुन्हा लागत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका.

डीलरकडची गाडी 2019 च्या आधीची असेल तर आधी पुराचं पाणी शोधा. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पाण्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढायला लावा. पुढचा पट्टा धुऊन ठेवतात, पण रिळावरच्या आतल्या वेढ्यांत गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेपनीचा खळगा, डॅशबोर्डखालचे कपलर (वायरींचे जोड) बघा. पिनांवर हिरवट थर दिसला तर गाडी सोडा. अशा गाडीचं इंजिन सुरळीत चालतं, वायरिंग मात्र काही महिन्यांनी दगा देतं: कधी पॉवर विंडो, कधी एअरबॅगचा दिवा. व्हिडिओ कॉलवर यातलं काही कळत नाही. गाडी ॲपवरची असो की डीलरची, ओळखीचा मेकॅनिक पाठवाच.

उत्तर २
दादांचं पटलं. थोडी भर घालते.

गाडी बाबांच्या नावावर घ्या. नावावर करताना ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येतो, तेव्हा आधारला चालू नंबर जोडलेला हवा. पैसे आधी त्यांच्या खात्यात टाका, तिथून विकणाऱ्याला. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

इन्शुरन्स नावावर करायला 14 दिवसांत अर्ज करा, नाहीतर अपघातात आपल्याच गाडीचा क्लेम अडतो. आधीच्या मालकाचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी प्रीमियममधली सूट) बाबांना मिळत नाही, प्रीमियममधला तो फरक भरावा लागतो. गाडीवर दंडाची थकलेली चलनं आहेत का, ते व्यवहाराआधीच तपासा. ॲपची वॉरंटी असेल तर काम सांगलीत होईल की गाडी पुण्याला न्यावी लागेल, हे लेखी विचारा. या वयात बाबांना तो हेलपाटा नको.