जुन्या पुण्याच्या खुणा: काय बदललं, कशामुळे बदललं (अनुभव धागा)

कडीपाट:
शनिवार पेठेत एका वाड्याच्या दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा चढताना दिसला आणि जुन्या पेठा डोळ्यांपुढे आल्या, म्हणून हा धागा. वाडे, हौद, देवळं जवळून पाहिलेल्यांनी नेमकं लिहा.

वाडा बघायचा तो जोत्यापासून, म्हणजे खालच्या दगडी चौथऱ्यापासून. सागाचा खांब जमिनीत रोवत नाहीत, दगडी तळखड्यावर उभा करतात, म्हणजे ओल लाकडात चढत नाही. पेठांत जुना थर न खरवडता डांबरावर डांबर पडत गेलं. तीन पायऱ्यांचं जोतं एका पायरीवर आलं. चौकातलं पाणी बाहेर नेणारी मोरी रस्त्याच्या खाली गेली, पाऊस उंबऱ्यावरून आत येतो, तळखडा ओलीत राहतो. खांब खालून कुजला की वर तुळई (खांबांवरचं आडवं लाकूड) खचते, आणि बोल लावतात लाकडाला!

चुनाभट्टी:
सिमेंटच्या गिलाव्याचा विषय काढलात ते बरं झालं, जुन्या भिंतीला तो घातकच. जुनी वीट मातीत किंवा चुन्यात बांधलेली असते, ती ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, खार विटेच्या तोंडाशी येऊन साठतो आणि विटेचा पापुद्राच गिलाव्यासकट सुटतो. टकटक करून बघा, पोकळ आवाज येतो. आधी सिमेंट हाताने छिन्नीने काढायचं, ब्रेकर लावायचा नाही. सांधे पाऊण इंच खरवडायचे, भिंत वाळू द्यायची. मग एक भाग मुरलेला चुना, दोन भाग सुरखी (विटांची भुकटी) आणि वाळू. पाण्यात गूळ-हिरडा भिजवून ते वापरायचं. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको.

पेठकर६१:
चुना किती दिवस मुरवायचा?

चुनाभट्टी:
किमान पंधरा दिवस, महिना झाला तर उत्तमच. चुन्याची न फुटलेली कळी (पाण्यात न विरलेला खडा) राहिली तर भिंतीत गेल्यावर फुगते आणि गिलाव्याला फोड येतात. आणि मे महिन्यात नकोच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्यासाठी ओल टिकावी लागते. ओलं गोणपाट लावा, दोन आठवडे तरी.

नगारखाना:
शनिवारवाड्याचं लिहिते. पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली. मजले लाकडी होते, ते सगळे गेले. दगड उरला. म्हणून आज आत दिसतात ती नुसती जोती आणि कारंज्याच्या कुंड्या. तटाकडे नीट बघा, खाली घडीव दगड, वर वीट. विटेच्या सांध्यात पिंपळ रुजतो. वरून छाटला की मूळ आत जाडच होत जातं. रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढायचं आणि सांधा लगेच चुन्याने भरायचा.

विश्रामबागवाडा पण आगीत सापडला, १८७९ मध्ये. बुधवारवाडा त्याच वर्षी गेला, त्याची तर खूणही नाही. विश्रामबागेच्या दर्शनी भागातले सुरूचे (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब जरूर बघा, वरची केळफुलं सुद्धा. त्यांवर ऑइलपेंट मारू नये, नक्षीच्या कडा बुजतात.

हौदावरची:
कात्रजच्या नळाचं, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या पाणीमार्गाचं, कुणीच लिहिलं नाही अजून? नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं काम. कात्रजच्या तळ्यातून पाणी निव्वळ उतारावर शहरातल्या हौदांत यायचं, पंप नाही काही नाही. मधे मधे उच्छ्वास बांधले, त्यातून कोंडलेली हवा बाहेर पडते आणि गाळ काढायला माणूस आत उतरतो. वरची खूण न ओळखता कुणी उच्छ्वासात राडारोडा टाकला की पाणी मागे तुंबतं आणि जवळच्या तळघरात पाझरतं. खोदकाम करणाऱ्यांनी आधी नळाची रेघ बघावी हो! फडके हौद आता नुसता चौक आहे.

मंडईवाली:
थोडं विषयांतर, तुळशीबागेत पितळी भातुकली अजून मिळते का? भाचीला द्यायची आहे.

नगारखाना:
मिळते ताई. राममंदिराच्या आजूबाजूला बघा, पत्र्याची जाडी हाताने दाबून घ्या.

मंडईवाली:
धन्यवाद! मंडईबद्दल एवढंच, १८८६ ची इमारत, रे मार्केट म्हणायचे, पुढे महात्मा फुल्यांचं नाव दिलं. तिच्या बांधकामाच्या खर्चाला खुद्द फुल्यांचाच विरोध होता.

पेठकर६१:
भिडेवाडा २०२३ मध्ये पाडला, स्मारकासाठी. १८४८ ची मुलींची शाळा जिथे भरली ती मूळ वास्तू राहिली नाही याचं वाईट वाटतं.

कडीपाट:
खरंय, फार वाईट वाटलं तेव्हा.

पेठकर६१:
कडीपाटताई, तुळई कुजली आहे का ते वेळेवर कळतं कसं?

कडीपाट:
तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे पेचकस टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर टोक गेलं. अख्खी तुळई बदलू नका दादा. आधी दोन्ही बाजूंना टेकू द्या, टेकूखाली फळी हवी नाहीतर फरशी फुटते. कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापा, जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडा. भिंतीतल्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, ती सिमेंटने बुजवू नका. आणि जे काही करायचं ते मृगाच्या आत.