"हजार घोडे बसवा, बाकीचं नंतर बघू" म्हणणाऱ्यांसाठी

ट्रिमटॅब (धागाकर्ता)

परवा इथे एका सदस्याने विचारलं होतं: 38 फुटी जुनी व्ही-तळाची बोट मिळतेय, मर्क्युरी रेसिंगची 525 ईएफआयची जोडी आहे (प्रत्येकी 525 घोडे), दोन्ही इंजिनं थकलेली. तीच उघडून बांधून घ्यावीत की मोठी बसवावीत? त्यावर 'लाटफोड' यांचं उत्तर: 525 विसरा, थेट हजार-हजार घोड्यांची जोडी टाका, बाकीचं नंतर बघता येतं. खाली सहमतीची रांग लागली. तिथेच लिहिणार होतो, पण लांबत गेलं.

या "बाकीच्यात"च माणूस बुडतो. जुन्या बोटीत इंजिन ही सगळ्यात सोपी गोष्ट, पैसे मोजले की नवं मिळतं. ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची भिंत, तसा मिळत नाही. ड्राइव्ह (प्रॉप म्हणजे पंखा फिरवणारा बाहेरचा गिअरचा भाग) जिथे बसतो त्या कटआउटची कड, स्विम प्लॅटफॉर्मचे बोल्ट, एक्झॉस्टची भोकं, जिथे जिथे कुणी सीलंट न लावता ड्रिल मारलंय तिथून गाभ्यात पाणी शिरतं. प्लायवूड असो की बाल्सा, आतून कुजत राहतं आणि बाहेर जेलकोट (वरचा रंगीत थर) चकचकीत. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. सुकी जागा टणटणीत वाजते, ओली बद्द वाजते. इंजिनं बाहेर असतात तेव्हाच हे आतून नीट तपासता येतं, आणि नेमके तेच दिवस लोक कॅटलॉग चाळण्यात घालवतात.

मग ड्राइव्ह. 525 च्या मागे ब्राव्हो वन एक्सआर हा ड्राइव्ह असतो, तेवढ्या ताकदीला तो चालतो. हजारला नाही चालत. म्हणजे नंबर सिक्स हा दणकट ड्राइव्ह किंवा त्या तोडीचं काहीतरी आलं. त्याला स्वतंत्र ट्रान्समिशन लागते, म्हणजे इंजिन पुढे सरकणार, माउंट नव्याने, ट्रान्सम नव्याने कापायचा, बोटीचा तोल बदलणार.

हे सगळं कशासाठी? बोटीच्या वेगाच्या अंदाजासाठी वापरतात त्या क्राउचच्या सूत्राप्रमाणे वेग ताकदीच्या वर्गमुळाने वाढतो. एकूण 1050 घोड्यांवर ताशी 75 मैल जाणारी बोट 2000 घोड्यांवर कागदावर 103 मैल जाईल, तेही वजन तेवढंच राहिलं तर. आणि फुल थ्रॉटलला दर घोड्यामागे ताशी साधारण अर्धा पौंड पेट्रोल धरा. 525 ची जोडी ताशी 320 लिटरच्या आसपास पिते, हजारची जोडी 600 च्या वर. हजार लिटरची टाकी दोन तासही पुरत नाही.

त्या बोटीला नीट बांधलेली 525 ची जोडीच योग्य, हे माझं ठाम मत आहे.

लाटफोड

माझ्या तीन ओळींवर एवढा मोठा लेख! "बाकीचं नंतर" याचा अर्थ ट्रान्सम कुजका ठेवा असा मी कुठेही लिहिलेला नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका.

तुमचंच सूत्र घ्या. तीच बोट 60 मैलांवर क्रूझ करतेय. तिला लागणार एकूण 670 घोडे, म्हणजे इंजिनामागे 335. तुमचं 525 तिथे 64 टक्क्यांवर राबतंय, माझं हजारचं 34 टक्क्यांवर. कुठलं जास्त टिकेल? माझ्या मागच्या बोटीत लहान जोडी होती. माणसं बसली, टाक्या भरल्या की प्लेन व्हायलाच, म्हणजे पाण्यावर उचलून धावायलाच, ती रडायची. मग प्रत्येक वेळी थ्रॉटल शेवटपर्यंत. एका मोसमात व्हॉल्व्ह जळले. मोठं इंजिन घेऊन निवांत चालवणं यालाच शहाणपण म्हणतात.

जुना मिस्त्री

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी माझ्याकडे कामं येतात.

लाटफोड, 34 टक्के लोडवर पिस्टन-बेअरिंग सुखी राहतात, कबूल. पण व्हॉल्व्हस्प्रिंगला लोडचं काही पडलेलं नाही, तिला फक्त आरपीएम कळतात. हजार घोड्यांच्या बिगब्लॉकची स्प्रिंग कडक, कॅम आक्रमक. ती निवांत चालवलीत तरी थकते. वर सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप), त्याचा बेल्ट, आणि समुद्राच्या पाण्यावर चालणारा इंटरकूलर. एका गिऱ्हाइकाच्या इंटरकूलरचं टोकाचं झाकण काढलं तर निम्म्या नळ्या मिठाने पांढऱ्या होऊन बुजलेल्या. हवा थंड होत नव्हती, मग डिटोनेशन (इंधनाचे अवेळी स्फोट), मग पिस्टनची रिंगलँड (रिंगांमधली कड) तुटली. मालक शपथेवर सांगत होता की कधी 60 च्या वर गेलोच नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जोडला. प्रत्येक आरपीएम पट्ट्यात किती वेळ गेला ते त्यात असतंच. वरच्या पट्ट्यात भरपूर वेळ निघाला. हातात हजार घोडे असताना 34 टक्क्यांवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि ट्रिमटॅब, एक्सआर 525 ला "चालतो" हे सपाट पाण्यात. लाटेवरून बोट उडाली, प्रॉप हवेत गेला, आरपीएम चढले आणि थ्रॉटल न सोडता ती पुन्हा पाण्यात बसली की जो झटका बसतो त्याने कुठलाही गिअर जातो. ड्राइव्ह घोड्यांपेक्षा चालवणाऱ्याच्या उजव्या हाताने जास्त मोडतात.

तळ्याकाठी

मी बोटवाला नाही, काठावर राहतो. तुमच्या 525 आणि हजारच्या वादात एक गोष्ट कुणीच काढत नाही: आवाज. ट्रान्समच्या वरून उघडे पाइप सोडलेली जुळी इंजिनं सकाळी सातला सुरू होतात तेव्हा आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात. इंजिन निवडताना सायलेन्सरचा विचार का होत नाही?

लाटफोड

अवांतर आहे, तरी उत्तर देतो. परफॉर्मन्स बोटीला आवाज असणारच. ज्याला नको त्याने पाण्याकाठी घर घेऊ नये.

तळ्याकाठी

आम्ही तिथे तुमच्या बोटीच्या आधीपासून राहतो. याच मग्रुरीमुळे एकेका जलाशयावर बंदी येते, आणि मग तुम्हीच गळा काढता.

उजवा थ्रॉटल

अवांतर असेल तर असो, पण लाटफोड, आवाजाची किंमत बोटवालाही मोजतो. मित्राच्या बोटीवर मागच्या बाकावर माझा भाऊ होता. वळणावर तोल जाऊन तो गनेलवर (बोटीच्या काठावर) आपटला आणि ओरडत राहिला. चालवणाऱ्याला काही ऐकूच गेलं नाही. मी पुढे जाऊन खांदा धरून हलवला तेव्हा थ्रॉटल खाली आला. भावाची बरगडी मोडली होती. सुदैवाने तो बोटीतच पडला, पाण्यात नाही. तेव्हापासून उघड्या पाइपच्या बोटीवर मी माणसं बसवत नाही, आणि किल स्विचची (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी) दोरी मांडीला अडकवल्याशिवाय चावी फिरवत नाही.

लाटफोड

भावाचं वाईट वाटलं, मनापासून. पण ती चूक आवाजाची नाही, मागे न बघता वळणाऱ्याची आहे. आणि मला इंजिनाचा आवाज ऐकू यायलाच हवा. एक सिलिंडर मिस झाला तर गेजच्या आधी कानाला कळतं.

जुना मिस्त्री

कानाला कळतं, पण उघड्या पाइपमध्ये फक्त इंजिनच कळतं. ड्राइव्हचं वरचं बेअरिंग गुरगुरायला लागलं की ते आधी ऐकू यायला हवं, आणि ते त्या गोंगाटात बुडून जातं.

हे अवांतर मूळ प्रश्नालाही लागू आहे. मोठ्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे राहतात. आयडलला त्यामुळे एक्झॉस्टमधला वायू उलटा आत ओढला जातो आणि त्याबरोबर थंड करणाऱ्या पाण्याचे थेंबही. त्याला आम्ही रिव्हर्जन म्हणतो. जेटीपाशी गडगडत उभी असलेली बोट बघून लोक खूश होतात, तेव्हा आत व्हॉल्व्हसीटवर गंज धरत असतो. म्हणून हजारची जोडी घ्यायची तर पाणी एक्झॉस्टमध्ये कुठे मिसळतं, रायझर (एक्झॉस्टचे वर चढणारे भाग) किती उंच आहेत, हे आधी बघा. जुनेच पाइप नव्या कॅमला जोडले तर इंजिन पाणी पिणार.

तळ्याकाठी

म्हणजे मिस्त्रींच्या मते शांत बोट चांगलीच. मग स्विचने पाण्याखाली वळवता येणारा एक्झॉस्ट सक्तीचा का नको?

जुना मिस्त्री

तसं मी म्हटलेलं नाही. तो डायव्हर्टर काठाजवळ हळू जाताना उत्तम, वापरावाच. पण हजार घोड्यांचा सगळा धूर पूर्ण ताकदीला त्या अरुंद वाटेने काढलात तर इंजिन गुदमरेल आणि तापेल.

ट्रिमटॅब

आवाजाचा वेगळा धागा काढा, कृपया. मूळ बोटीवर या.

लाटफोड, भरलेल्या बोटीला प्लेन व्हायला 525 कमी पडतं, हा तुमचा मुद्दा मला पटत नव्हता. आता निम्मा पटतो. पण त्यावर पहिला इलाज प्रॉप. 5200 आरपीएम, 28 इंच पिच (प्रॉप एका फेऱ्यात कागदावर जितका पुढे सरकतो ते अंतर), 1.5 गिअर, 10 टक्के स्लिप (पाण्यात घसरून वाया जाणारा भाग) धरून 82-83 मैल येतात. त्या वजनाची 75 ची बोट एवढ्या पिचवर 5200 ला पोचणारच नाही, इंजिन खाली दबून राबत राहील. पिच दोन इंच उतरवून बघा. "इंजिन कमजोर" म्हणून विकलेल्या कितीतरी बोटींचा प्रॉपच चुकीचा होता.

लाटफोड

प्रॉपने टॉर्क तयार होत नाही. पण पिच माझ्या त्या बोटीवर बहुधा जास्तच होता, हे मान्य. मग मर्क्युरी रेसिंगच्या 700 घोड्यांच्या 700 एससीआयवर येतो. त्याच 8.2 लिटरच्या घराण्यातलं, सुपरचार्ज्ड, 75 चे 85 च्या पुढे. आता तरी हो म्हणा.

ट्रिमटॅब

85-90 च्या आसपास साध्या ब्राव्होच्या गिअरकेसभोवती (ड्राइव्हच्या पाण्यातल्या खालच्या भागाभोवती) हवा शिरते, प्रॉपची पकड सुटते. मग स्पोर्ट मास्टर ही वेगासाठीची गिअरकेस लागेल, त्याची पाण्याची तोंडं खाली नाकाशी असतात. ड्राइव्ह वर उचलावा लागेल. खर्चाच्या यादीत हे सगळं मांडून 700 म्हणत असाल तर माझी हरकत नाही. न मांडता म्हणत असाल तर आहे.

नवा सुकाणू (मूळ प्रश्नकर्ता)

बोट अजून घेतलेली नाही, हे बरं झालं. उजव्या ड्राइव्हच्या कटआउटखाली वीतभर जागा बद्द वाजतेय. विकणारा म्हणतो, "तो आवाज जेलकोटच्या जाडीचा आहे."

जुना मिस्त्री

जेलकोटचा नाही. त्या जागी आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारून भुसा बघू द्या म्हणा. काळा आणि दमट निघाला तर ट्रान्समचा खर्च किमतीतून आधी वजा करा, इंजिनांचं मग बोलू. नको म्हणाला तर निघून या. आणि दोन्ही इंजिनांचा लीकडाउन (सिलिंडरमधून किती हवा गळते त्याची चाचणी) करा, सिलिंडरनिहाय आकडे इथे टाका.

तळ्याकाठी

आणि एक्झॉस्ट कुठला आहे तेही लिहा.