माझं मत माझंच आहे का मोबाईलने दिलेलं?

पूर्वभागातला:
मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात कानडीपण चालतं, यात काय वेगळं आहे असं कधी वाटलंच नव्हतं. सात-आठ महिन्यांपूर्वी एक रील आली, दोघं जण भाषेवरून भांडत होते, मला राग आला म्हणून शेवटपर्यंत बघितली, खालच्या कमेंटपण वाचल्या आणि झालं, तेव्हापासून रोज तेच. परवा टेम्पोत टॉवेलच्या गाठी भरताना आमच्या हमालाला, म्हणजे ज्यांना मी पंधरा वर्षं मामा म्हणतो त्यांना, मी बोलून गेलो की इथं राहता तर नीट मराठी बोला की. ते काहीच बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. रात्री लक्षात आलं, हे वाक्य माझं नव्हतंच, शब्द न् शब्द रीलमधला होता. आणि मी स्वतः आईशी तेलुगूत बोलतो! चैन नाही तेव्हापासून. आवडतं तेच दाखवतात म्हणतात, मग मला राग येणारं का दाखवलं? यातून बाहेर कसं पडायचं?

हिंजवडीतला सोलापूरकर:
आवडतं ते नाही बे, थांबतो ते दाखवतं. किती सेकंद थांबलास, परत बघितलंस का, कमेंट उघडल्यास का, कुणाला पाठवलंस का, यावरून पुढचं ठरतं, रागाने थांबलास का आनंदाने यानं फारसा फरक पडत नाही. यूट्यूबने २०१२ मध्येच किती क्लिक यापेक्षा किती वेळ बघितलं याला जास्त किंमत द्यायला सुरुवात केली. इन्स्टावर २०१६ पर्यंत पोस्टी वेळेच्या क्रमाने दिसायच्या, आठवतंय का? आणि फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या इमोजीसकट सगळ्या इमोजींना लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, म्हणजे लोक चिडले की पोस्ट वर! रागाचं वजन शून्यावर आणलं ते २०२० मध्ये, आणि कंपनीच्या आतले कागद बाहेर आले २०२१ ला तेव्हा हे सगळं जगाला कळलं.

निवृत्त गुरुजी:
पोरा, सगळा दोष फीडवर, म्हणजे मोबाईल आपोआप दाखवतो त्यावर, टाकू नकोस. २०२० च्या अमेरिकेच्या निवडणुकीत संशोधकांनी हजारो लोकांना तीन महिने फेसबुक-इन्स्टा वेळेच्या क्रमाने दाखवून बघितलं, त्यांची राजकीय मतं फारशी बदलली नाहीत, २०२३ मध्ये सायन्स या मासिकात आलंय ते. पण तुझं दुखणं मताचं नाही असं मला वाटतं. तू तीन भाषांचा माणूस आणि रोज बघून बघून स्वतःला एकाच रकान्यात बसवायला लागलास, ते दुखणं आहे. एकदा आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जाऊन नुसती नावं वाच. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघं एकत्र फासावर गेले. नावं वाचली तरी आपलं गाव कसं आहे ते कळतं.

अक्कलकोट रोडची ताई:
माझ्या पोरीचं सांगते, नववीत आहे. तिनं एक फेसपॅकचा व्हिडिओ बघितला, मग नुसतं गोरं व्हायचंच यायला लागलं, शेवटी ग्रुप फोटोत उभी राहीना, म्हणे मी काळी दिसते. हे तिच्या डोक्यात घरातल्या कुणी घातलं नव्हतं, लय रडले मी. मग दोघींनी बसून यूट्यूबची हिस्ट्री पुसली आणि बंदच केली, आता होमला काही सुचवत नाही, पाहिजे ते शोधून बघायचं. इन्स्टात सेटिंगमध्ये सुचवलेलं सगळं रीसेट करता येतं, तेही केलं. पण नंतर तसल्या व्हिडिओवर थांबलं की परत सुरू होतं, तेव्हा दिसला की लगेच ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायचं. आणि भाऊ, ते मोबाईलचं नंतर कर, मामांशी बोललास का?

पूर्वभागातला:
ताई, बोललो काल. चहाला नेलं, पाया पडलो. ते म्हणले त्यांच्या पोराच्या मोबाईलवर याच्या बरोबर उलटं येतंय, मराठी लोकांना शिव्या देणारं, आणि तो पोरगा घरात मराठी बोलेनासा झालाय. मला हे ऐकून कसंतरीच झालं, त्याला मी लहानपणी सायकलवरून गड्ड्याच्या जत्रेला नेलेलं. रविवारी त्यांच्या घरी जातोय, दोघांचे मोबाईल समोर ठेवून रीसेट करणार.