मदत हवी आहे: लंबकाच्या प्रयोगात जी ९.८ येतच नाही

धांदल
लंबकाचा प्रयोग केला, आकडे सूत्रात घातले, जी (गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण, मीटर प्रति सेकंद वर्गात) १०.५ येतोय. तीनदा केला, तेच. सूत्र बरोबर आहे (जी = ४ × पायचा वर्ग × लांबी ÷ दोलनकालाचा वर्ग; दोलनकाल म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ), स्टॉपवॉच बरोबर आहे, कॅल्क्युलेटरसुद्धा बदलून पाहिला. उद्या सकाळी वही द्यायची आहे. चूक कुठे आहे तेवढंच सांगा, लेक्चर नको.

जुना मास्तर
लांबी किती? दोलनं किती मोजलीत? वेळ किती लागला? कशाचा लंबक? किती ओढून सोडलात? यातलं काहीच न सांगता चूक विचारताय. डॉक्टरला फोन करून नुसतं 'दुखतंय' म्हणायचं आणि गोळी मागायची, त्यातला प्रकार झाला.

तिरकस
कोन. डोळे मिटून सांगतो, कोन. लोक हौसेने लंबक पार आडवा होईस्तोवर ओढतात. सूत्र लहान कोनापुरतंच चालतं. दहाएक अंशांत ठेवा, विषय संपला.

शंकासुर
पण जी सगळीकडे सारखा असतो असं कोणी सांगितलं? १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला, तेव्हा पॅरिसला बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक थोडा आखूड करावा लागला. तुमच्याकडे जी खरोखरच १०.५ असेल तर?

जुना मास्तर
विषुववृत्तावर ९.७८, ध्रुवांवर ९.८३. समुद्रसपाटीला सगळा फरक एवढाच. १०.५ साठी ग्रह बदलावा लागेल.

धांदल
दोरा १०० सेमी. २० दोलनांना ३८.७ सेकंद. वीतभर बाजूला ओढून सोडते. आता सांगा.

तिरकस
वीतभर?! बघा, म्हटलं नव्हतं मी!

जुना मास्तर
तिरकसराव, मीटरभर दोऱ्याला वीतभर म्हणजे बारा-तेरा अंश. त्याने दोलनकालात पडणारा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. शिवाय मोठ्या कोनाने दोलनकाल वाढतो. ४५ अंशांना साधारण ४ टक्के. दोलनकाल सूत्रात खाली आहे, तो वाढला की जी कमी येणार. हिचा जास्त येतोय. तुमची चूक उलट्या दिशेची आहे.

तिरकस
बरं. राहिलं.

घाईत
स्टॉपवॉच दाबायला उशीर होतो हो अंगठ्याला. माझंही असंच झालेलं. दहाऐवजी पन्नास दोलनं घ्या.

फक्त_वाचनमात्र
दहा नाहीत, तिने वीस मोजलीत. आणि जी सात टक्के जास्त यायला वेळेत साडेतीन टक्के चूक लागते, म्हणजे ३८.७ सेकंदांत जवळजवळ दीड सेकंद. एवढा उशीर अंगठ्याला होत नाही, झोप लागली तर होतो.

आलेखप्रेमी
एकाच लांबीवर विसंबून जी काढायचाच नसतो, हे मी इथे किती वेळा लिहिलं असेल. तीन-चार लांब्या घ्या. आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर दोलनकालाचा वर्ग. सरळ रेषा येते. ४ गुणिले पायचा वर्ग, भागिले त्या रेषेचा चढ, हा झाला जी. लांबी मोजताना दोन-तीन सेमी सगळीकडे सारखेच चुकले असतील तर रेषा नुसती सरकते, चढ हलत नाही. आलेख सगळ्या चुका खातो.

लाटदर्शी
तरंगाचा वेग = वारंवारता × तरंगलांबी. हवेत २० अंश सेल्सियसला ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. म्हणजे ३४३ हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी बरोबर एक मीटर. दोरीतल्या तरंगाचा वेग मात्र दोरीच्या ताणावर आणि जाडीवर ठरतो. आशा आहे मदत झाली असेल.

घाईत
इथे तरंग कुठे दिसला तुम्हाला?

लाटदर्शी
आवर्ती गती समजली की तरंग समजतात. मी पुढचं सांगून ठेवलं.

धांदल
आलेखासाठी अजून दोन लांब्या घेतल्या. ४० सेमीला २५.० सेकंद, ७० ला ३२.६, शंभरचं वर दिलंच आहे. सगळीकडे २० दोलनं. जी आला १०.१, १०.४ आणि १०.५. आधी एकच चुकीचं उत्तर होतं, आता तीन आहेत. थँक्यू.

जुना मास्तर
थांबा, हे कामाचं आहे. लांबी वाढते तसा जी वाढतोय. म्हणजे लांबीत काहीतरी ठरावीक कमी मोजलं जातंय. ४० सेमीला ते जास्त बोचतं, शंभरला कमी. दोऱ्याच्या टोकाला काय बांधलंय?

धांदल
कुलूप.

घाईत
😂

तिरकस
कुलूप! अहो मग हा साधा लंबकच नाही, संयुक्त लंबक झाला, म्हणजे वजन एका बिंदूत नसून पसरलेलं. सूत्रच बदललं. शिवाय एवढं जड कशाला? हलकं काहीतरी लावा.

जुना मास्तर
दोलनकालाला वजनाशी देणंघेणं नाही. हलकं लावलंत तर हवाच त्याला जास्त अडवेल, कुलूपच बरं. आणि संयुक्त लंबकाची दुरुस्ती ४० सेमीलासुद्धा एका टक्क्याच्या दहाव्या भागाइतकी येईल, ती सोडून द्या. धांदलताई, लांबी वरच्या टेकूपासून कुलपाच्या वस्तुमानमध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. कुलूप बोटावर तोलून बघा, साधारण कुठे तोललं जातं ते कळेल.

धांदल
गाठीच्या खाली ३ सेमीवर तोललं गेलं. म्हणजे ४३, ७३, १०३. उत्तरं १०.८६, १०.८५, १०.८६. आणखी बिघडलं!! बारा वाजायला आलेत, मी १०.५ च लिहून टाकते.

आलेखप्रेमी
आलेखाच्या चढावरूनही १०.८६ च येतोय, आत्ता काढला. हे कसं काय?

जुना मास्तर
तुमचा आलेख सगळ्या चुका खातो म्हणालात ना? ही त्याला पचत नाही. धांदलताई, बिघडलेलं नाही. मघाशी तीन लांब्यांना तीन उत्तरं होती, आता तिन्ही एकमुखाने खोटं बोलतायत. लांबी सुधारली. उरलेली चूक तिन्हींना एकाच प्रमाणात लागतेय, म्हणजे ती मोजणीत आहे. आता १०.८६ भागिले ९.८ करा. १.१०८. त्याचं वर्गमूळ १.०५३. हा आकडा ओळखीचा वाटतो का?

फक्त_वाचनमात्र
२० भागिले १९!

जुना मास्तर
बरोबर. ताई, मोजता कसं? 'एक' नेमकं कधी म्हणता?

धांदल
मी नाही मोजत, धाकटा भाऊ मोजतो. माझ्या एका हातात कुलूप, दुसऱ्यात फोन. मी कुलूप सोडते आणि स्टॉपवॉच चालू करते, तेव्हा तो 'एक' ओरडतो. मग कुलूप जाऊन परत माझ्या हाताशी आलं की 'दोन'. 'वीस' म्हटलं की मी बंद करते.

अरे देवा.

घाईत
'एक' म्हणेपर्यंत एकही दोलन झालेलं नाही. कुंपणाचे खांब वीस, मधल्या मोकळ्या जागा एकोणीस.

शंकासुर
अवांतर आहे, पण मोजण्यावरून आठवलं. १८५१ मध्ये फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑन या इमारतीत टांगलेला लंबक ६७ मीटरांचा होता, गोळा २८ किलोचा. सूत्रात घालून बघितलं, एका दोलनाला साधारण साडेसोळा सेकंद. तिथे एक दोलन चुकायला भाऊ खूपच पेंगुळलेला हवा.

तिरकस
माझ्या मते कोनही एकदा तपासावाच.

धांदल
२० ऐवजी १९ ने भागलं. ९.८१, ९.७९, ९.८०. हसू की रडू कळत नाहीये. दोन तास मी सूत्राला शिव्या घालत होते. वहीत २० दोलनं लिहिलीत, ती खोडून १९ करू का? की वेळच वाढवून लिहू?

जुना मास्तर
वेळेला हात लावायचा नाही. १९ मोजलीत तर १९ लिहा, लांबी गाठीपर्यंतची होती तेही लिहा, कुलपाचे ३ सेमी वेगळे दाखवा. जमलं तर एका लांबीला पुन्हा मोजा. मात्र कडेला कुलूप क्षणभर थांबल्यासारखं दिसतं, तिथे कधी दाबायचं ते कळत नाही. मधून जाताना ते सगळ्यात वेगात असतं, तिथे खूण ठेवा. एक-दोन झोके असेच जाऊ द्या. मग त्याच दिशेने खुणेवरून जाताना 'शून्य' म्हणून सुरू करा.

धांदल
भाऊ झोपला. दोऱ्यामागे भिंतीला पेन्सिलने रेघ मारलीये, फोन स्टुलावर ठेवून एकटीच मोजते. शून्य म्हणायला विचित्र वाटतंय.

लाटदर्शी
झालं की सांगा, मग स्थिर तरंगांकडे वळू.