मदत हवी आहे: डेल्फी ७ मधला अडतीचा प्रोग्रॅम लिनक्सवर नेतोय, शेतकऱ्यांची नावं तुटतायत

मंडळी, मामांच्या गुळाच्या अडत दुकानासाठी २००४ साली डेल्फी ७ मध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम लिहायचं साधन) प्रोग्रॅम लिहून दिला होता. आवक, सौदा, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी (हिशोबाची पावती), आणि खरेदीदारांची उधारी. वीस वर्षं मुकाट्याने चाललाय. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि दुकानातली तिन्ही मशिनं टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसल्यामुळे विंडोज ११ घेत नाहीत. मशिनं धडधाकट आहेत, मामा नवी घेणार नाहीत (मीही घ्या म्हणणार नाही). म्हणून लिनक्स मिंट (फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम).

आधी वाईनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून पाहिलं. उघडतो छान, पण तिघांनी एकच टेबल उघडलं की बीडीईचं (डेल्फीचं जुनं डेटाबेस इंजिन) लॉकिंग गडबडतं. मग लाझारस (डेल्फीसारखंच, पण लिनक्सवर चालणारं साधन) घेतलं. फॉर्म कन्व्हर्टरने बरेचसे आले, रजिस्ट्रीतली सेटिंग्ज आयएनआय फाइलमध्ये हलवली, रिपोर्ट मात्र लाझरिपोर्टमध्ये पुन्हा हाताने काढले. एक पूर्ण संध्याकाळ "फाइल सापडत नाही" यात गेली. डिस्कवर नाव कॅपिटलमध्ये, कोडमध्ये स्मॉल. विंडोजला फरक पडत नव्हता, लिनक्सला पडतो.

खरी अडचण मराठीची. नावं जुन्या आठ बिटी फॉन्टमध्ये टाइप केलेली, म्हणजे डीबीएफमध्ये (डेटाच्या जुन्या टेबल फाइलींमध्ये) मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचे कोड आहेत. लाझारस सगळं यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) धरतं, त्यामुळे १२७ च्या वरच्या बाइटच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एक छोटा कन्व्हर्टर लिहून नावं युनिकोडमध्ये केली, तर नावाचं फील्ड ३० बाइटचं. "बाळासाहेब" एवढ्यालाच २७ लागतात, स्पेस धरून २८. पुढच्या "पाटील"मधल्या "प"चे तीनपैकी दोनच बाइट मावले आणि पट्टीवर आडनावाच्या जागी काळा चौकोन आला. आणि "स्थिती"सारखे शब्द माझ्या कन्व्हर्टरमधून वेडेवाकडे निघतायत.

प्रश्न असा, की एकदाच सगळा डेटा युनिकोडमध्ये नेऊ, की डेटा आहे तसाच ठेवून दाखवताना सीपी १२५२ (विंडोजची जुनी आठ बिटी कोड-यादी) वरून यूटीएफ-८ करून जुनाच फॉन्ट लावू? दुसऱ्यात दिवाणजींना टायपिंगची सवय मोडावी लागत नाही. ते साठीचे आहेत, हो.

प्रतिसाद १:
दुसरा रस्ता धरू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, म्हणून यादीत किसन, विठ्ठल, शिवाजी एकाच गठ्ठ्यात येत असणार. कन्व्हर्टरमध्ये वेलांटी पुढच्या एका अक्षरामागे नेताय का? ती अख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारून गेली पाहिजे, म्हणजे "स्थ"नंतर. रफाराचं उलटं, तो अक्षराच्या नंतर असतो, त्याला अलीकडे आणून "र्" करायचा. आणि डीबीएफ सोडा. एसक्यूलाइटला (एका फाइलीतला छोटा डेटाबेस) फील्डच्या लांबीचं सोयरसुतक नसतं, पण तिची फाइल नेटवर्क शेअरवर ठेवू नका. तीन मशिनं आहेत, तर एकावर फायरबर्ड हा डेटाबेस सर्व्हर बसवा. मूळ कोड वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा, कन्व्हर्टर चुकला तर पुन्हा चालवता येतो.

धागाकर्ता:
गठ्ठा बरोबर ओळखलात! दिवाणजी नाव शोधायला तिथेच जातात, त्यांना ती सोय वाटते. वेलांटी एकाच अक्षरावरून नेत होतो, आज रात्री दुरुस्त करतो. फायरबर्डचं पटलं. आता एकच राहिलं: दिवाणजींचा जुना कीबोर्ड मिंटमध्ये हुबेहूब बसवता येतो का? कुणी एक्सकेबीचा (लिनक्सची कीबोर्ड यंत्रणा) लेआउट स्वतः लिहिलाय का? वेलांटी आधी दाबायची सवय त्यात कशी सांभाळायची, तेवढं सांगा.