‘विकासाचे विकल्प’ की ‘विकासाला पर्याय’?

उत्तरकसबा
नमस्कार मंडळी. एका बैठकीच्या पत्रकाचा अनुवाद करतेय आणि शीर्षकातच अडलेय. मूळ हिंदीत आहे: ‘विकास के विकल्प’. मी सरळ ‘विकासाचे विकल्प’ लिहिलं. खर्डा मंगळवेढ्याकडच्या एका आजोबांना वाचून दाखवला, तर म्हणाले, “बाई, चांगल्या कामात मनात विकल्प कशाला आणायचा?” त्यांच्या लेखी विकल्प म्हणजे शंका, किंतु. माझी आईसुद्धा तेच बोलते: “तिच्या मनात विकल्प आला.” मग ‘पर्याय’ घातला, तर मैत्रीण म्हणते, पर्याय म्हणजे प्रश्नपत्रिकेतले अ, ब, क, ड.

आणखी एक. इक्वेडोरच्या २००८ च्या राज्यघटनेत तिथल्या आदिवासींच्या किचवा भाषेतली ‘सुमाक काव्साय’ ही कल्पना आहे. स्पॅनिशमध्ये तिला ‘बुएन विविर’ म्हणतात. माणसं, माती, पाणी यांनी एकमेकांना धरून नीट जगावं, असा काहीसा अर्थ. हिंदीत ‘अच्छा जीवन’ केलंय. मराठीत ‘चांगलं जीवन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे फ्लॅट आणि गाडी येते, मूळ अर्थाच्या अगदी उलट. सुचवा.

अक्षरशोध
आजोबांचे म्हणणे बरोबर आहे. ‘संकल्प-विकल्प’ ही जोडी आपल्याकडे मनाच्या चलबिचलीसाठी आहे. व्याकरणात ‘विकल्पाने’ दोन रूपे होतात, तेवढाच निवडीचा अर्थ मराठीत शिल्लक आहे. पतंजलीच्या योगसूत्रात तर विकल्पाची व्याख्याच ‘शब्दज्ञानानुपाती वस्तुशून्यः’ अशी आहे. नुसता शब्द आहे, त्यामागे वस्तू नाही, तो विकल्प. हिंदीतून असे अर्थ उचलून मराठीत घालणे थांबले पाहिजे. आपला शब्द ‘पर्याय’.

साखरपेठ
सर, आदर ठेवून असहमत. २०१४ पासून देशभर ‘विकल्प संगम’ या नावानं, विकासाच्या रूढ वाटेहून वेगळं काम करणाऱ्यांचे मेळावे होत आलेत, पुण्याच्या कल्पवृक्षसारख्या पर्यावरण संस्था त्यात आहेत. या कामातली मराठी माणसं रोज ‘विकल्प’ म्हणतात आणि एकमेकांना समजतंय. वापरला तो अर्थ.

आणि ‘पर्याय’ तरी कुठला ठाम आहे? आमच्या घरात तेलुगू. आम्ही ‘ई पर्यायम्’ म्हणतो तेव्हा अर्थ ‘या खेपेला’ असा असतो. तुमच्या पर्यायाला आमच्यात शब्द आहे ‘प्रत्याम्नायम्’.

अक्षरशोध
प्रत्याम्नाय मराठीलाही परका नाही. धर्मकृत्यात ‘गोप्रत्याम्नाय’ असतो. गाय दान द्यायची ऐपत नसेल तर तिच्या बदल्यात द्यायचे पैसे.

उत्तरकसबा
मग तो नकोच! गायीच्या जागी पैसे, गायरानाच्या जागी मोबदला, नदीच्या जागी भरपाई, याच हिशोबाविरुद्ध तर ते पत्रक आहे.

होटगीरोड
आमच्या घरी कन्नड. ‘पर्याय’ म्हटलं की आम्हाला उडुपी आठवतं. तिथल्या कृष्णाची पूजा आठ मठांकडे आळीपाळीनं असते, दर दोन वर्षांनी मठ बदलतो, त्या पाळीलाच पर्याय म्हणतात. मुळात परि अधिक इ, फिरत फिरत येणं. तुम्हाला हवा तो अर्थ त्यात आहे की. कायमचा मालक कुणी नाही, आज तुझी पाळी, उद्या माझी. कालव्याच्या पाण्याचं आवर्तन जसं सगळ्यांच्या शेतावर फिरायला हवं तसं.

तरीही मी म्हणेन, संस्कृत शब्दांत अडकण्यापेक्षा काम बघा. अक्कलकोटकडं आमच्यात ‘मुय्यी’ म्हणतात. आज मी तुझ्या रानात राबलो, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, वही नाही. मराठीत ‘सावड’. हा पर्याय कुणाला शिकवावा लागला नाही.

उत्तरकसबा
मुय्यी टिपून ठेवलं. ‘पर्याय’ घ्यायचा ठरला तरी पुढं विभक्तीचा प्रश्न उरतोच. ‘पर्यायी विकास’ म्हणजे विकासच, फक्त जरा वेगळ्या वाटेनं. कोळशाऐवजी सौर, पण गायरान जायचं ते जाणारच. ‘विकासाचे पर्याय’ म्हटलं तर विकास करायचे निरनिराळे मार्ग, असं कुणीही वाचेल. ‘विकासाला पर्याय’ म्हटलं की विकास ही कल्पनाच बाजूला ठेवून दुसरं काही. ‘चे’ आणि ‘ला’ यांत अख्खं राजकारण आहे. या विषयावर जगभर जो वाद चालतो, तो इथं एका प्रत्ययावर येऊन ठेपतो. म्हणून मला ‘ला’ हवाय. पण कान इतके तयार झालेत की ‘विकासाला पर्याय’ ऐकलं की पुढचा ‘नाही’ आपोआप येतो.

मंगळवेढेकर
ताई, ‘ला’ लिहिताना जरा जपून. उजनीचं धरण १९८० ला झालं. त्याच्या आधी आमच्या आज्यानं दुष्काळात खडी फोडलेली आहे. त्याला जाऊन सांगा, विकासाला दुसरं काही बघ म्हणून. पाणी आलं म्हणून माझी बहीण कॉलेजात गेली. हे खोटं नाही.

पण दुसरी बाजूही मीच सांगतो, कारण दोन्ही माझ्याच बांधावर आहेत. पाणी आलं तिथं ऊस आला, आणि उसानं पाणी कुणाला उरू दिलं नाही. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांवर कारखाने, उन्हाळ्यात टँकरही तेवढेच. आणि ज्वारीला लागतं काय? मंगळवेढ्याची काळी जमीन पावसाळ्यात ओल धरून ठेवते, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलं की त्या ओलीवर आणि थंडीवर मालदांडी ज्वारी येते. वरनं एक पाणी द्यावं लागत नाही. माणसाला भाकरी, जनावराला कडबा. जवळच मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात याच मालदांडीतनं निवडलेलं एम ३५-१ वाण आज किती राज्यांत पेरतात. २०१६ ला आमच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्वारीत करडईच्या ओळी असायच्या, त्याला आमच्याकडं इरवड म्हणायचे. बांधाच्या कडेनं करडई काटेरी, म्हणून जनावर आत शिरत नाही. तेल निघतं ते वेगळं. आता सलग ऊस, इरवड हा शब्द माझ्या पोराला ठाऊक नाही.

तेव्हा शीर्षक काहीही द्या, आत ‘इरवड’ लिहा.

साखरपेठ
मंगळवेढेकर, हेच हैदराबाद रस्त्यावर जहिराबादला बघायला मिळतं. तिथल्या दलित बायकांच्या संघांनी ज्वारी, बाजरी, राळा, तूर असं एका तुकड्यात मिसळून पेरणं आणि बियाणं घरात राखणं टिकवलं. २०१९ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. संस्थेचं नाव काय, तर डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी! नावातच विकास. म्हणून म्हणतो, शब्द टाकून देऊ नका, ताब्यात घ्या. विकसणं म्हणजे उमलणं. ते ठेकेदाराला का आंदण द्यायचं?

अक्षरशोध
धातू ‘कस्’, विकसति. कमळ विकसते. या मुद्द्यावर मी साखरपेठ यांच्याबरोबर आहे.

काळीमाती
सुमाक काव्सायकडे कुणी वळलंच नाही. ‘सुमाक’ म्हणजे सुंदर, भरलेलं. ‘काव्साय’ म्हणजे जगणं. मराठीत याला ‘नांदणं’ हाच शब्द. ‘नांदतं घर’, ‘गोकुळ नांदतंय’, ‘सुखानं नांदा’. एकट्यानं कुणी नांदत नाही, हे त्या शब्दातच आहे. पैसा असला तरी घर नांदतं असेलच असं नाही. लिहा, ‘सगळ्यांनी नांदणं’.

भाकरी_चटणी
मला हा शब्द चालणार नाही, आणि का ते सांगते. ‘नांदायला पाठवली’, ‘नांदवत नाहीत’, ‘नांदून दाखव’. हे बाईच्याच वाट्याला येतं. आमच्या गल्लीत एकीला तीनदा परत घातली सासरी, प्रत्येक वेळी मोठी माणसं म्हणाली, नांद. सोसण्याचं दुसरं नाव आहे ते. जगाच्या दुसऱ्या टोकाची चांगली कल्पना आणून आमच्या गळ्यात हा शब्द घालू नका.

काळीमाती
तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण गोकुळ नांदतं तेव्हा कुणी कुणाला पाठवलेलं नसतं. प्रयोजक ‘नांदवणं’ वाईट, मूळ ‘नांदणं’ का सोडायचं?

भाकरी_चटणी
कारण ऐकणारीला आधी प्रयोजकच ऐकू येतं.

माळावरचा
शब्दांनी काय होतं ते सातबाऱ्यात बघा. ‘पोटखराब’. ‘पडीक’. शेळीला चारा देणारा, पावसाळ्यात गवतानं भरणारा माळ कागदावर खराब! सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाला. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, त्याला मोकळं गवताळ रान लागतं. पण रान ‘ओसाड’ म्हटलं की कुणीतरी चांगल्या मनानं रोपं घेऊन येतं, झाडी वाढते आणि त्याचं घर जातं. पडीक म्हणणारा विकास करायलाच येतो. ताई, पत्रकात ‘पडीक’ असेल तर तो आधी काढा.

होटगीरोड
माळढोक म्हणजे माळावरचा ढोक. चामढोकातला तोच ढोक. करकोच्यासारखा उंच दिसतो म्हणून.

अक्षरशोध
‘पोटखराब’ ही महसुली संज्ञा आहे, लागवडीलायक नसलेला भाग एवढाच तिचा अर्थ. तिच्यावर एवढा राग कशाला?

माळावरचा
लागवडीलायक नाही म्हणजे कुणाच्याच लायक नाही, असं तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत धरतात. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंह खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं. गायरान ही गावाची सोय आहे, रिकामी जागा नाही, हे तिथंवर पोचलं. आपल्या शब्दात अजून नाही.

उत्तरकसबा
‘पडीक’ दोन ठिकाणी होता. एका जागी ‘माळ’ केला, दुसऱ्या जागी ‘गायरान’. शीर्षक उद्या छापखान्यात जायचंय. तूर्त ‘विकासाला पर्याय’च्या खाली लहान अक्षरात ‘इरवड, सावड, गायरान’ असं लिहितेय. ‘नांदणं’वर अजून मन बसत नाही, ‘सुमाक काव्साय’ तसाच ठेवून खाली दोन ओळी समजावून लिहीन.

मंगळवेढेकर
सावडीबरोबर इर्जिकही घाला.

होटगीरोड
दोन्ही एकच की.

मंगळवेढेकर
एक कसं? इर्जिकीत ज्याचं रान तो बैलवाल्यांना जेवू घालतो, आणि काम तिथंच फिटतं. सावडीत जेवण नाही, दिवसाला दिवस परत करायचा. आमच्याकडं इर्जिक अडलेल्यासाठी घालायचे, विधवा बाईचं रान, आजारी माणसाचं रान. त्याच्याकडनं परतफेड कोण मागणार?

साखरपेठ
बार्शीकडं सावडीतही भाकरी देतात, मी खाल्लीय.