शनिवारी थेरपीची पहिली अपॉइंटमेंट. तिथे नक्की काय होतं?

उंबरठ्यावर
मंडळी, येत्या शनिवारी ११ वाजता पहिल्यांदा एका खासगी मानसतज्ज्ञांकडे जातेय. कर्वेनगर, फ्लॅटमध्येच क्लिनिक, ५० मिनिटांचे १५०० रुपये. वय ३३, नोकरी. सात-आठ महिने झाले, रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधड सुरू होते आणि रात्री तीनला जाग येते ती येतेच. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनीच "एकदा बोलून या" म्हणून नंबर दिला. नवऱ्याला माहीत आहे. सासूबाईंना दाताच्या डॉक्टरकडे जातेय असं सांगणार आहे.

प्रश्न बावळट वाटतील. सुरुवात कुठून करायची? लहानपणापासूनचं सगळं सांगायचं का? त्या लिहून घेतात का, आणि ते कागद कुठे जातात? रडू आलं तर? आणि मराठीत बोललं तर चालतं ना? त्यांच्या वेबसाइटवर सगळं इंग्रजीत आहे.

चहाबाज
१५०० रुपयांत मैत्रिणीला घेऊन दोनदा जेवून याल, वर गप्पा फुकट. (हलके घ्या.)

गोदाकाठचा
चहाबाज, मित्र मलाही होते. तीन मिनिटांत "अरे माझं तर ऐक" सुरू व्हायचं.

ताई, मी नाशिकचा, वय ५४, बँकेत आहे. चार वर्षांपूर्वी वडील गेले, झोप उडाली आणि कॅश जुळेनाशी झाली. बायकोने जवळजवळ ढकलतच नेलं. आधी जिथे गेलो तिथले गृहस्थ चाळीस मिनिटं स्वतःच्या गुरूंबद्दल बोलले. दोनदा गेलो, सोडून दिलं. तेव्हा न पटल्यास बदलायला लाजू नका. मात्र पहिल्याच दिवशी निकाल लावू नका, तीन-चार वेळा जाऊन बघा.

दुसऱ्या बाई योग्य मिळाल्या. सुरुवातीला एक फॉर्म होता. घरी कोण कोण, आधीचे आजार, चालू गोळ्या, अडीअडचणीला फोन कुणाला करायचा. पहिला दिवस म्हणजे मुख्यतः चौकशीच. झोप, भूक, दारू, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का. मध्येच अगदी सरळ आवाजात विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावं असं कधी मनात येतं का?" मी चरकलो. नंतर कळलं, हे सगळ्यांनाच विचारतात. खरं असेल ते सांगायचं.

सुरुवातीची काळजी करू नका, त्याच विचारतात. तुमच्याकडे तर रविवार संध्याकाळ आहेच, तिथूनच करा. लहानपण लागेल तेव्हा निघेल. मला तर पाचव्या वेळेपर्यंत कुणी शाळेचं नावही विचारलं नाही.

रडण्याचं म्हणाल तर टिश्यूचा डबा समोरच असतो. मी पन्नास मिनिटं कोरडाठाक बसलो. निघताना बाईंनी विचारलं, "पावती कुणाच्या नावाने करू?" दोन वर्षं वडिलांच्या औषधांच्या पावत्या मीच करून घेत होतो, त्यांच्या नावाने. तिथे बांध फुटला, दारात, एका पायात चप्पल असताना. पुढचा पेशंट बाहेर बसलेला. बाईंनी काही समजूत घातली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. त्या दिवशी घरी जाऊन मेल्यासारखा झोपलो. म्हणून सांगतो, शनिवारी दुपारी पाहुणे बोलावू नका.

सल्ला मात्र मिळणार नाही. "मी काय करू?" विचारलं की प्रश्नच परत येतो. पहिले काही दिवस मला याचा राग यायचा, पैसे कशाचे देतोय म्हणून.

भाषा मराठीच ठेवा. माझ्या बाबतीत तर सगळं काम एका अक्षरावर झालं. त्यांची पद्धत आरईबीटी, म्हणजे मनातले हट्टी, अविवेकी विचार तपासून बदलायची, अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेली. मराठीत ती कि. मो. फडक्यांनी पोचवली. मी म्हणालो, "मी त्यांना वाचवायलाच हवं होतं." त्यांनी ते वहीत लिहायला लावलं आणि 'च'भोवती पेन्सिलीने गोल काढला. "हा च कुणी घातला?" आठवडाभर फक्त 'च' मोजून आणा, हा गृहपाठ. सोमवारी एकाच दिवसात तेवीस निघाले, त्यातले निम्मे तर कॅश काउंटरवरचे.

दुसरी_बाजू
मी याच क्षेत्रात आहे, म्हणून थोडं कोरडं पण कामाचं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नंबर विचारा, आम्हाला राग येत नाही. 'समुपदेशक' अशी पाटी लावायला आजवर तशी सक्ती नव्हती. त्यांत उत्तम लोक आहेत, पण शिक्षण कुठे झालं आणि देखरेख कुणाची हे विचारून घ्या. औषध आम्ही लिहून देत नाही. लागलंच तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो.

टिपणं घेतो, ती आमच्याकडेच राहतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे. अपवाद थोडे: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार (पॉक्सो या बालसंरक्षण कायद्याखाली ते कळवावंच लागतं). हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं, नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. अपॉइंटमेंट रद्द करायचा नियमही विचारा; बहुतेक ठिकाणी २४ तास आधी न कळवल्यास पैसे लागतात. मधल्या काळात एखादी रात्र फारच जड गेली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

उंबरठ्यावर
जाऊन आले. पंधरा मिनिटं खाली स्कूटरवरच बसून होते, मग वर गेले. मराठीतच बोललो. गोपनीयतेचं त्यांनी आपणहून सांगितलं. नोंदणीचा नंबर विचारताना माझी जीभ अडखळली, त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं.

"रविवारी संध्याकाळी" म्हटल्यावर त्यांनी विचारलं, नक्की किती वाजता? मला वाटत होतं ऑफिसचं टेन्शन. सांगता सांगता लक्षात आलं, सातच्या सुमाराला. आठवड्याभराच्या डब्यांची यादी फ्रिजवर लावते तेव्हा. आता दोन आठवडे वेळ आणि त्या क्षणी मनात काय आलं, एवढंच लिहायचंय. गोदाकाठचे काका, यादीच्या पहिल्या ओळीत 'झालाच पाहिजे' आहे.

घरी आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं, "काढला का गं दात?" म्हटलं, नाही हो आई, अजून आठ-दहा वेळा बोलावलंय. रूट कॅनाल आहे.